साळवे मॅडमचं टेबल

साळवे मॅडमना मी नीट पाहिलं ते एका जेवणाच्या सुट्टीत. त्याआधीही आम्ही एकाच विमा कार्यालयात कामाला होतो, पण त्या दावे विभागात आणि मी नव्या पॉलिसींकडे. जिन्यात गाठ पडली तर मान हलवायची, एवढीच ओळख. बुटक्या, सावळ्या, अंगानं काटक. सुती साडी, खांद्यावर पदराला एक पिन, घट्ट अंबाडा. चालताना त्यांच्या पावलांचा आवाज व्हायचा नाही, पण त्यांनी टेबलावर शिक्का मारला की तो शेजारच्या खोलीत ऐकू यायचा.

कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या मनोरंजनाची खोली होती. दोन कॅरम बोर्ड, कायम घडी घालून भिंतीला टेकवलेलं टेबल टेनिस आणि मधोमध पूलचं टेबल. ते कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लबातून आलं होतं. हिरवं कापड, सहा पॉकेटं, पॉकेटांखाली विणलेल्या जाळ्या. पुरुषांनी पूल खेळायचा आणि बायकांनी कॅरम, अशी वाटणी कुणी केलेली नव्हती, पण होती.

त्या दिवशी मॅडम कॅरमकडे न वळता पूलच्या टेबलापाशी येऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. खेळ आमचे शाखाधिकारी बेहेरे साहेब आणि मी यांच्यात चालला होता. साहेबांनी जोरात फटका मारला आणि पांढरा बॉल, ज्याला आम्ही नुसतं 'पांढरी' म्हणायचो, तो थेट पॉकेटात गेला. साहेबांनी तो जाळीतून काढला, सोयीच्या जागी ठेवला आणि पुन्हा खेळायला वाकले.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "पांढरी पडली की पाळी समोरच्याची ना?"

साहेब वाकल्या वाकल्याच हसले. "आमच्यात एकदा माफी असते, मॅडम."

"काल जाधवांची पडली तेव्हा नव्हती."

जाधव म्हणजे मी. काल माझी पांढरी पडल्यावर साहेबांनी पाळी तर घेतलीच होती, वर माझा एक पडलेला बॉल पुन्हा टेबलावर ठेवायला लावला होता.

"काल तुम्ही कुठं होता?" साहेबांनी विचारलं.

"दारात. डबा खात होते. गेले काही दिवस मी तिथंच डबा खाते." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मला खेळायचंय."

"कॅरम रिकामा आहे की," कुणीतरी म्हणालं.

"कॅरम मला येतो."

एवढं बोलून त्यांनी भिंतीवरची एक काठी उचलली, डोळ्यासमोर आडवी धरून ती सरळ आहे का ते पाहिलं, परत ठेवली, दुसरी घेतली. आमच्यापैकी कुणी त्या खोलीत काठी अशी पारखून घेतलेली मी पाहिली नव्हती.

मॅडम मूळच्या शेवगावच्या. वडील तिथल्या बाजार समितीत मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचं वजन करणारे. काटा हलायचा थांबल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, ही त्यांची शिस्त मॅडम नेहमी सांगायच्या. घाई झालेला व्यापारी मागून ओरडत असायचा आणि वडील काट्याकडं बघत उभे. पूलच्या टेबलापाशीही मॅडमचं तेच. शेवटचा बॉल लोळायचा थांबेपर्यंत त्या पुढचा फटका कुणाला मारू द्यायच्या नाहीत. 'थांबू द्या. थांबू द्या त्याला,' असं म्हणत त्या टेबलावर हात आडवा धरायच्या. नियमही तसाच आहे, बॉल फिरत असताना मारला की फाऊल. पण मॅडमनी तो वाचण्याआधीच पाळायला सुरुवात केली होती.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कुठूनतरी खेळाचे अधिकृत नियम मिळवले, त्यांचं मराठी केलं, टंकलिखित केलं आणि खोलीच्या भिंतीवर चिकटवलं. आम्ही सगळे जो आठ नंबरचा खेळ खेळायचो, त्यात एकाचे साध्या रंगाचे बॉल आणि दुसऱ्याचे पट्ट्याचे, आणि आपले सगळे पडल्यावर काळी आठ, एवढंच आम्हाला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळं ज्याचा हुद्दा मोठा त्याच्या मर्जीवर. भिंतीवर वाचल्यावर कळलं की फाऊल झाला तर समोरच्याला पांढरी हातात मिळते, टेबलावर हवी तिथं ठेवून खेळता येते. की पांढरी आधी आपल्याच बॉलला लागायला हवी, आणि मग एखादा बॉल पडायला तरी हवा किंवा कडेला तरी लागायला हवा. की फटका मारताना एक पाय जमिनीला टेकलेलाच पाहिजे.

बेहेरे साहेबांनी चष्मा पुसून ते सगळं वाचलं. "मॅडम, हे मोठमोठ्या स्पर्धांचे नियम. आपण विरंगुळ्यासाठी खेळतो."

"मग तुमचेच नियम ठेवू, साहेब. माझी हरकत नाही. फक्त खेळाआधी सांगा. खेळ चालू असताना नको."

साहेबांना ते अवघड गेलं. खेळाआधी आपली सवलत स्वतःच्या तोंडानं सांगायची म्हणजे लाज वाटते. दोन-चार दिवसांत भिंतीवरचेच नियम चालू झाले. तरीही मॅडमची पाळी आली की आमच्यातले काही जण उदार व्हायचे. 'घ्या मॅडम, अजून एकदा मारा, तुम्ही नवीन आहात.' त्यावर त्या काठी सरळ भिंतीला लावून बाजूला व्हायच्या. सवलत दिली की आपण मोठे होतो, असं त्या एकदा मला म्हणाल्या, आणि घेणारा कायमचा पाहुणा होतो. त्यांना त्या खोलीत पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं.

त्यांच्या उंचीमुळे लांबचे बॉल हाताला यायचे नाहीत. त्यासाठी टोकाला पितळी खाच असलेली एक आधाराची काठी मिळते, तिच्यावर आपली काठी टेकवून मारायचं. आमच्याकडची तशी काठी धूळ खात पडली होती, कारण ती वापरणं पुरुषांना कमीपणाचं वाटायचं. तिला 'बायकांची काठी' असंच नाव पडलेलं. मॅडमनी ती पुसून काढली.

"ती लाकडाची आहे," त्या म्हणाल्या. "बाई नाही."

वर्षभरात त्या काठीवरून त्या असे फटके मारू लागल्या की आम्ही डबा विसरून बघत बसायचो. नैसर्गिक हात वगैरे काही नव्हता. पहिले कित्येक महिने त्या साफ हरत होत्या. कार्यालय सुटल्यावर अर्धा तास एकट्या थांबायच्या, एकच बॉल एकाच जागी ठेवायच्या आणि एकाच पॉकेटात मारत राहायच्या. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहायचा. 'झालं, झालं,' म्हणत त्या आणखी एक मारायच्या.

मग पुण्याला आमच्या विभागातल्या सगळ्या शाखांच्या स्पर्धा झाल्या. पूलमध्ये नाव दिलेल्या त्या एकट्या बाई. मी आणि आणखी दोघे त्यांच्याबरोबर गेलो होतो. उपांत्य सामन्यात त्यांच्यासमोर पुण्याचेच एक उंच, देखणे अधिकारी होते, स्वतःची काठी पेटीत घालून आणणारे. सामना बरोबरीत होता आणि शेवटच्या डावात मॅडमचे दोन बॉल राहिले होते, मग काळी. टेबल इतकं मोकळं होतं की मीसुद्धा ते पाडले असते. मॅडम वाकल्या, मारलं, बॉल पडला. आम्ही टाळी वाजवायला हात वर केले आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

"फाऊल," त्या म्हणाल्या.

पंचांनी विचारलं, "कुणाचा?"

"माझा. पदर घसरला. पट्ट्याच्या बॉलला लागला."

पंचांनी पाहिलं नव्हतं. आम्ही पाहिलं नव्हतं. समोरच्या अधिकाऱ्यांनी तर हात जोडले. "अहो मॅडम, बॉल हलला पण नाही. खेळा तुम्ही. मी मागत नाही फाऊल."

"तुम्ही मागायचा प्रश्न नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पांढरी उचलून त्यांच्या हातात दिली.

अधिकाऱ्यांनी ती घेतली, मनासारखी ठेवली आणि डाव संपवला. नंतर ते हात मिळवायला आले तेव्हा मॅडमनी हात मिळवला, पण हसल्या नाहीत. लोक नंतर हा प्रसंग सांगताना मॅडम किती शांत होत्या वगैरे सांगत. तसलं काही नव्हतं. त्या रागानं नुसत्या धुमसत होत्या. परतीच्या गाडीत कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. शिरूर गेलं, चहाला थांबलो तर त्या खाली उतरल्या नाहीत. सुप्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा कुठं खिडकीकडं तोंड करूनच बोलल्या.

"दोन पिना लावायला पाहिजे हुत्या."

राग आला की त्यांच्या बोलण्यात शेवगाव यायचं. पुढच्या वर्षी त्या सलवार कमीज घालून गेल्या, ओढणी पिशवीत ठेवली, आणि स्पर्धा जिंकून आल्या. बक्षिसाची ढाल बेहेरे साहेबांच्या खोलीत ठेवायची म्हणून मागितली गेली. त्या म्हणाल्या, "वरच्या खोलीत ठेवा. तिथं खेळून मिळाली."

मॅडमच्या निवृत्तीच्या सुमाराला कार्यालयाचं नूतनीकरण निघालं आणि मनोरंजनाच्या खोलीच्या जागी संगणकाचा विभाग आला. टेबल भंगारात निघालं. मॅडमनी ते विकत घेतलं. तोवर त्यांचे यजमान वारले होते. मुलगा मिलिंद सुप्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि बायकोसह तिथंच राहायचा. सावेडीतल्या घरात मॅडम एकट्या. आम्हाला वाटलं टेबल दिवाणखान्यात ठेवतील. त्यांनी घराजवळचा तळमजल्यावरचा एक लांबुळका गाळा घेतला, टेबल तिथं आणलं, वर तीन दिवे टांगले आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर नाव असं काही नाही, नुसतं 'पूल'.

पहिले आठ दिवस लोक पोहायला येत. एक गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून आले, गुडघ्याला पाण्यातला व्यायाम सांगितलाय म्हणाले. मॅडमनी त्यांना टेबलाभोवती फेऱ्या मारायला लावल्या. "ह्यानंबी गुडघा सुटतो," असं त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. ते गृहस्थ, कुलथे काका, पुढे रोज यायला लागले.

पण बाकी गल्लीला ते टेबल रुचलं नाही. पूल म्हणजे जुगार, सिगारेटी, टवाळ पोरं. वरच्या फ्लॅटवाल्यांनी बैठक बोलावली आणि मॅडमना बोलावलं. मी बरोबर गेलो होतो. बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. मॅडम बोलणं थांबेपर्यंत थांबल्या, मग उठून म्हणाल्या, "आत सिगारेट ओढलेली दिसली, पैसा लावलेला दिसला, तर मीच टाळं लावीन. तुमी बघायला या. रोज या. खुर्च्या ठेवते." आणि खरंच दाराशी दोन खुर्च्या ठेवल्या. काही दिवस वरच्या बायका पाळीपाळीनं येऊन बसल्या. नंतर त्यातल्या दोघी काठी हातात घेऊन उभ्या राहायला लागल्या आणि तक्रार आपोआप विरली.

पैसा लावणारे आले ते वेगळेच. बंटी नावाचा एक तरुण होता, जमिनींच्या व्यवहारातला, पांढऱ्या गाडीतून फिरणारा, मागे नेहमी चार मित्र. खेळ चांगला होता त्याचा. एका दुपारी मी आणि काका बसलो असताना त्यांचा डाव चालला होता आणि मित्रांच्या बोटांनी पैशाच्या खाणाखुणा चालल्या होत्या. मॅडमनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मग त्या टेबलापाशी गेल्या, चालू डावातली पांढरी उचलली, पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि खुर्चीवर येऊन बसल्या.

"ओ मॅडम, हे काय?" बंटी म्हणाला.

"हितं पैसा लावायचा न्हाई. भिंतीवर लिव्हलंय."

"कोण लावतंय? ओ, द्या ती इकडं."

"आता खेळा की," मॅडम म्हणाल्या.

तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. काका उठले, मी उठलो. आम्ही दोघं मिळून त्याचं काय करणार होतो देव जाणे. मॅडम पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. हात पर्सवर, नजर त्याच्यावर. शिवी नाही, आवाज नाही. तो बराच वेळ उभा होता. मग वळला, जाता जाता खिशातली गाडीची किल्ली काढली आणि टेबलाच्या कापडावरून ओढत नेली. कापड फाटण्याचा तो आवाज मला आजही सहन होत नाही.

ते गेल्यावर मॅडम उठल्या. फाटलेल्या जागेवरून हात फिरवला. पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले. "वडलांच्या आजारपणातबी मी रडले न्हवते," त्या म्हणाल्या आणि नाक पुसून पर्समधून पांढरी काढली, जागेवर ठेवली. मी पोलिसांत जाऊ म्हटलं. काका म्हणाले, काही दिवस बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गाळा उघडा होता. चिरेला त्यांनी आतून चिकटपट्टी लावली होती, इस्त्रीनं दाबून. तरी तिथं एक बारीक उंचवटा राहिलाच. भिंतीवर एक नवा नियम आला होता. पट्टीवर बॉल अडला किंवा वळला, तर जिथं थांबला तिथून खेळायचं, कुणाचाही असो.

चार-सहा महिन्यांनी बंटी आला. एकटा. दारात उभा राहून चप्पल काढू की नको असं करत होता.

"काठी घे," मॅडम म्हणाल्या.

तो खेळला. काकांबरोबर. काळी आठ पाडायची राहिली होती, सरळ, सोपी. त्यानं हळू मारली. बॉल निघाला, बरोबर त्या पट्टीपाशी आला, उंचवट्यावर डगमगला, दिशा बदलली आणि पॉकेटाच्या बाजूला जाऊन थांबला. बंटीनं मॅडमकडं पाहिलं.

"जिथं थांबला तिथून," त्या म्हणाल्या.

तो हरला. जाताना म्हणाला, "मॅडम, कापड मी आणून देतो. नवं. चांगलं."

"कापड मी घालीन. तू खेळायला येत जा."

बऱ्याच दिवसांनी त्यांनी खरंच घातलं. ते ताणून बसवताना एक बाजू बंटीनं धरली होती.

मग मॅडमना पक्षाघाताचा झटका आला. सकाळी चहा करताना त्या ओट्यापाशी कोसळल्या. कामाच्या बाईनं मिलिंदला फोन केला. दवाखान्यात मी गेलो तेव्हा त्यांची उजवी बाजू पूर्ण गेली होती आणि बोलणंही. समजत सगळं होतं. आपण काही विचारलं की त्या उत्तर द्यायला तोंड उघडायच्या आणि भलताच शब्द बाहेर यायचा. 'पाणी' म्हणायचं तर 'पेटी' यायचं. ते ऐकून त्या स्वतःच दचकायच्या आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. काही दिवसांनी त्यांनी तोंड उघडणंच सोडलं.

मिलिंद चांगला मुलगा. त्यानं रजा काढली, आईचं सगळं केलं, सुप्याच्या घरात तिच्यासाठी खोली तयार केली. बाहेर मला म्हणाला, "काका, आता गाळा कशाला? टेबल विकून टाकतो. ती बघेल आणि झुरत राहील."

पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला टेबल हवं होतं. तो माप घ्यायला येणार त्या दिवशी मिलिंदनं मला बोलावलं. मॅडमनी खुणेनं सांगून स्वतःलाही आणायला लावलं होतं. चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल, उजवा हात मांडीत ठेवल्यासारखा. गाळ्याच्या दाराला एक पायरी होती, तिथं बंटीनं आणि काकांनी उचलून त्यांना आत घेतलं.

हॉटेलवाल्यानं टेप काढली. लांबी घेतली. रुंदी घ्यायला वळला तर मॅडमनी डाव्या हातानं चाक ढकलत खुर्ची टेबलाला भिडवली होती आणि तो हात टेबलाच्या कडेवर ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता. बोटं लाकडात रुतल्यासारखी.

"आई, हात काढ. माप घेतायत," मिलिंद म्हणाला.

त्यांनी मान हलवली. नाही.

"आई, अगं खेळणार कोण आता?"

त्यांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या. मग हात न उचलता त्यांनी हनुवटीनं भिंतीकडच्या काठ्या दाखवल्या.

मिलिंद खाली बसला, तिथंच, फरशीवर, खुर्चीच्या चाकापाशी. इतक्या दिवसांत तो रडला नव्हता, तो तेव्हा रडला. हॉटेलवाल्यानं टेप गुंडाळली आणि निघून गेला.

त्यानंतरच्या महिन्यांत जे झालं ते मी जवळून पाहिलं. त्यांचा डावा हात आजवर फक्त कापडावर टेकवून काठीला आधार द्यायचा. आता त्याच हातानं काठी मारायची आणि आधाराला ती पितळी खाचेची काठी. पहिले काही आठवडे पांढरी दुसऱ्या बॉलपर्यंत पोचायची नाही. काठी निसटून फरशीवर पडायची, कुणी उचलून दिली की त्या पुन्हा वाकायच्या. व्यायाम करून घेणारी ताई यायची, ती म्हणाली, मी सांगितलेलं अर्धंही त्या करत नाहीत, आणि हे मात्र इथं आल्या की दुपारभर करतात. बरं, करू द्या मग.

पायरीच्या जागी उतार झाला. मिलिंद रविवारी त्यांना सुप्याहून गाळ्यात आणायचा, मग शनिवारीही आणायला लागला. आईबरोबर खेळायला कुणी हवं म्हणून तो स्वतः शिकला. एकदा त्यानं मोबाईलवर शोधून मला दाखवलं, चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंसाठी वेगळे नियम आहेत. उभ्या माणसाचा एक पाय जमिनीला टेकलाच पाहिजे. खुर्चीतल्या माणसाचा मात्र एकही टेकता कामा नये. त्यानं ते आईला वाचून दाखवलं, जरा हसतच. मॅडमचा उजवा पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून सारखा घसरायचा आणि बोटं फरशीला लागायची. त्यांनी आपल्या पायाकडं बोट दाखवलं. मग स्वतःच्या छातीकडं. मग पांढरीकडं, आणि ती मिलिंदकडं सरकवली.

"आई, फाऊल नको देऊस, मी सहज वाचलं!"

त्यांनी पांढरी परत घेतली नाही. पुढच्या खेपेपासून खेळायला बसण्याआधी तो पाय ओढणीनं पायपट्टीला बांधला जाऊ लागला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका रविवारी दुपारी. माझं मुलीकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलं होतं, निरोप घ्यायला गेलो होतो. काका होते, वरच्या मजल्यावरच्या दोघी बायका होत्या. डाव मायलेकांत चालला होता आणि अगदी रंगात आला होता. मिलिंदचा एक बॉल राहिला होता आणि मग काळी. मॅडमची फक्त काळी.

काळी मारण्याआधी ती कुठल्या पॉकेटात पाडणार ते सांगावं लागतं. झटक्यानंतर मॅडम ते काठीच्या टोकानं दाखवायच्या. नियमाला तेवढं चालतं. त्या दिवशी त्यांनी खुर्ची लावून घेतली, आधाराची काठी टेकवली, बॉल पाहिला, पॉकेट पाहिलं. काठी मात्र उचलली नाही. तोंड उघडलं.

"क..." त्या म्हणाल्या. थांबल्या. "का..."

"कळलं, आई. तो कोपरा. मार," मिलिंद म्हणाला.

त्यांनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. डोळे मिटले. कपाळावर आठ्या, ओठ एका बाजूला ओढलेले. एक शब्द आला, तो भलताच होता, त्यांनी जोरात मान हलवून तो झटकून टाकला. कुणीतरी खुर्ची सरकवली, काकांनी त्याला चूप केलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तो लांब जाईपर्यंत आम्ही उभे.

"काळी," त्या म्हणाल्या. "डा-वा... कोप-रा."

वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. मिलिंद काठी घट्ट धरून उभा होता. मॅडमनी कुणाकडं पाहिलं नाही. त्या वाकल्या आणि मारलं.

काळी निघाली, सरळ गेली, पॉकेटाच्या एका ओठाला लागली, दुसऱ्याला लागली, आणि तोंडावर येऊन थांबली. पडली नाही.

मिलिंद तसाच उभा राहिला. त्याचा शेवटचा बॉल मधल्या पॉकेटापाशी होता आणि काळी कोपऱ्यात पडायलाच आलेली. त्यानं आईकडं पाहिलं. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मॅडमनी हनुवटी थोडी वर उचलली, खेळ, अशी. त्यानं आपला बॉल पाडला. मग काळीचं पॉकेट सांगितलं आणि काळीही पाडली.

मला निघायचं होतं, स्टेशनला जायला रिक्षा बाहेर उभी होती. मी वाकून त्यांचा डावा हात हातात घेतला. हाताला काठीच्या टोकाला लावायच्या खडूची निळी पूड लागलेली होती. त्यांनी माझा हात दाबला, सोडला, आणि माझ्या खांद्यावरून मिलिंदकडं बघत टेबलावर तळवा आपटला.

"परत लाव," त्या म्हणाल्या. दोन्ही शब्द स्वच्छ.